बिनतारी घरातली एक तार

वाचकहो, घरातले वडीलधारे माणूस 'मला नीट ऐकू येत नाही' असे म्हणाले, की आपण त्याच्या कानांकडे पाहतो. ऐकविणाऱ्या यंत्राकडेही पाहावे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आले नाही. 'आधी कारण शोधा, मग निष्कर्ष काढा' असे तीस वर्षे मुलांना शिकविणाऱ्या आम्हांस घरच्याच एका गोष्टीत निष्कर्ष आधी सुचला आणि कारण वर्षभराने सापडले. त्याची ही हकीकत. ती थोडी घरगुती आहे, थोडी तांत्रिक आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची घरे आमच्या घरासारखीच वाढत गेलेली असल्यामुळे ती उपयोगी पडेल अशी आशा वाटते.

इंदूरच्या रामबागेतील आमचे घर एका हातचे नाही. तळमजला आजोबांनी १९३८ साली बांधला. त्याच्या भिंती दीड फूट जाडीच्या, विटा आणि चुन्याच्या. छत लोखंडी गर्डरांवर दगडी फरशा टाकून वर कोबा केलेले. पहिला मजला वडिलांनी चढविला, तो सिमेंटच्या स्लॅबचा. दुसरा मजला २००६ साली कर्ज काढून आम्ही उभा केला. अशा रीतीने तीन पिढ्या एकीवर एक उभ्या आहेत; आणि सर्वांत थोरली पिढी, म्हणजे आमच्या मातोश्री, अर्थातच सर्वांत खाली, मागच्या खोलीत राहतात. वय ब्याऐंशी. जिना चढणे बंद होऊन चार वर्षे झाली.

मातोश्रींची पाठची बहीण, आमची मावशी, बेळगावात असते. एक बहीण लग्न होऊन माळव्यात आली, दुसरी बेळगावात गेली. आणि मग आयुष्यभर दोघींचे बोलणे निळ्या आंतर्देशीय पत्रांवरच झाले. त्या पत्रांच्या दुमडत्या कडांवरसुद्धा बारीक अक्षरांत पापडखारापासून पाळण्यातल्या नावापर्यंत सारे काही मावलेले असे. पुढे ट्रंक कॉल आले. परंतु तीन मिनिटांत 'बरी आहेस ना' आणि 'बरी आहे' याहून अधिक काही बोलून होत नसे. २०२० साली शाळा घरोघर भरू लागल्या तेव्हा आमच्या घरी इंटरनेट आले. त्याच्याबरोबर ह्या दोघी बहिणींच्या भाग्यात प्रथमच रोज रात्री साडेआठ वाजता एकमेकींचे तोंड पाहणे आले. नातीने टॅब मेजावर उभा करून द्यावा आणि आम्ही बाहेर जेवायला बसलो असताना आतून दोन्ही बाजूंचा हशा ऐकू यावा, असा क्रम होता.

मग तो हशा कमी झाला. आधी मातोश्री 'परत म्हण, परत म्हण' असे म्हणू लागल्या. पुढे परत म्हणायला सांगणेही त्यांनी सोडले आणि नुसती मान हलवू लागल्या. एके दिवशी म्हणाल्या, "रोज काय बोलायचं? आठवड्यातून एकदा पुरे." आम्ही समजलो, वय झाले. तिकडे मावशीने आमच्या सौभाग्यवतींना वेगळा फोन करून विचारले, "अक्का माझ्यावर रागावली आहे का गं? मी बोलते आणि ती नुसती बघत बसते."

तेव्हा आम्ही मातोश्रींना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणी झाली. वयोमानाने थोडे कमी ऐकू येते, पण यंत्र लावण्याइतके नाही, असा निर्वाळा मिळाला. निघताना डॉक्टरांनी सहज विचारले, "यांना समोर बसलेल्या माणसाचं ऐकू येत नाही, की फोनवरचं?" त्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. पहाटे दुधवाल्याच्या सायकलची घंटा घरात सर्वांच्या आधी ऐकणाऱ्या मातोश्रीच होत्या.

घरी येऊन आम्ही प्रथमच एक साधी गोष्ट केली. रात्री साडेआठ वाजता मातोश्रींच्या शेजारी जाऊन बसलो. मावशीचा चेहरा पडद्यावर चौकोनी ठिकऱ्यांसारखा दिसत होता. आवाज येई, तुटे, पुन्हा मधूनच येई. आम्हांसही दहा शब्दांतले चार कळले. वर्षभर मातोश्री ह्या चार शब्दांवर संभाषण जुळवीत होत्या, आणि उरलेल्या सहांचा दोष स्वतःच्या कानांकडे घेत होत्या.

आता तांत्रिक भागाकडे वळू. इंटरनेटचे कनेक्शन गच्चीवरून आले, म्हणून त्याचा खोका, ज्यास राउटर म्हणतात तो, बसविणाऱ्या माणसाने दुसऱ्या मजल्यावर चिरंजीवांच्या खोलीत, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाच्या मागे टांगला. तेथे खिळा होता, एवढेच त्याचे कारण. चिरंजीवांना कधी अडचण आली नाही. पहिल्या मजल्यावर आमचेही काम चालून जाई. म्हणून 'आपल्या घरी वाय-फाय उत्तम आहे' असे आम्ही चारचौघांत सांगत असू.

आमचा एक जुना विद्यार्थी आता विजेची आणि संगणकाच्या तारांची कामे करतो. त्यास बोलावले. येताना नवा, अधिक शक्तिशाली खोका आणायचा का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, आधी काही विकत घेऊ नका. आधी घर मोजू." त्याने आमच्या मोबाइलवर लहरींचा जोर मोजणारे एक मोफत अ‍ॅप उतरवून दिले आणि आम्हांस मजल्या-मजल्यावर उभे केले. तो वरून ओरडे, "आता किती?" आणि आम्ही खालून आकडा सांगू.

त्या ओरडण्याने आम्हांस १९८०च्या दशकातील आमचे बालपण आठवले. वडील गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवीत असत, आम्ही जिन्यात उभे आणि आजी खाली पडद्यासमोर. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं, गेलं!" त्या काळी आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक होते, की चित्र नीट यायचे तर अँटेना योग्य जागी आणि योग्य दिशेला हवा. बिनतारी इंटरनेट आले आणि ही साधी गोष्ट आपण विसरलो. वास्तविक ह्या लहरी त्याच कुळातल्या. आचार्य जगदीशचंद्र बसूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. भिंतीतून त्या जातात खऱ्या. परंतु प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते.

आता आमचे आकडे. हे मोजमाप उणे संख्येत असते. उणेपणा जितका कमी तितका जोर अधिक. खोक्याजवळ उणे ३८, पहिल्या मजल्यावर जिन्याशी उणे ५९, तळमजल्याच्या माजघरात उणे ७४ आणि मातोश्रींच्या खोलीत उणे ८६. समोरासमोर पाहत बोलायचे तर साधारणपणे उणे ६७ च्या अलीकडे असावे लागते. उणे ७५ च्या पुढे बोलणे अडखळते आणि ८५ च्या पुढे कनेक्शन असून नसल्यासारखे. दर दहा आकड्यांनी जोर दहापट घटतो. म्हणजे ३८ पासून ८६ पर्यंत जाताना चिरंजीवांच्या खोलीतील जोराचा साठ हजारावा हिस्सादेखील आजीच्या खोलीत उरत नव्हता. एकाच घरातील दोन खोल्यांत इतका भेद असेल, अशी आम्हांस कल्पना नव्हती.

असे का व्हावे? कारणे तीन निघाली. पहिले, खोका एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला, तीही तिरपी. तिरप्या वाटेने जाणाऱ्या लहरीस भिंत आहे त्याहून जाड भेटते; दीड फुटाची भिंत अडीच फुटांची होऊन बसते. दुसरे, मधले छत. वीट आणि लाकूड लहरी बऱ्यापैकी सोडतात. दगड, काँक्रीट आणि पाणी पुष्कळ शोषतात. लोखंड तर त्यांना परतच फिरविते. आजोबांचे गर्डर आणि चिरंजीवांचे कपाट ह्यांनी मिळून आमचा घात केला होता. मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांची पेटी हीसुद्धा ह्याच वर्गात मोडतात. तिसरे, खोक्याच्या दोन्ही दांड्या सरळ उभ्या होत्या. उभ्या दांडीच्या लहरी मेदूवड्याच्या आकाराने चहूबाजूंस आडव्या पसरतात. दांडी वड्याच्या भोकात उभी आहे अशी कल्पना करावी. म्हणजे त्याच मजल्यावर मुबलक, आणि नेमके वर व खाली थोडे. मजल्यांच्या घरात एक दांडी उभी आणि एक आडवी ठेवावी, हे आम्हांस तेव्हा कळले. ज्या खोक्यांच्या दांड्या आत दडलेल्या असतात त्यांना मात्र हा उपाय नाही.

आणखी एक गोष्ट. हल्लीचे बहुतेक खोके दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एकीस २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात, दुसरीस ५ गिगाहर्ट्झ. पहिलीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहाच्या आसपास. पहिली वेगाने कमी, पण भिंती ओलांडण्यात चिवट. दुसरी चपळ, पण भिंतीपुढे लवकर हार खाणारी. मातोश्रींचा टॅब नातीने चांगल्या हेतूने 'वेगवान' लहरीला जोडून ठेवला होता. वेगवान म्हणजे उत्तम, हा तरुणांचा समज. दूरच्या खोलीत २.४ बरी. फक्त तिच्यावर शेजाऱ्यांची गर्दी फार असते आणि मायक्रोवेव्हची भट्टी चालू असताना तिच्यात अडथळाही येतो. तिच्या मार्गिकांपैकी १, ६ आणि ११ ह्या तीनच एकमेकींत मिसळत नाहीत. आपल्या जागी जी मोकळी असेल ती निवडावी.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. विद्यार्थी येण्यापूर्वी आम्ही बाजारातून सिग्नल पुढे पाठविणारे एक छोटे यंत्र, रिपीटर, आणले होते आणि ज्या खोलीत अडचण त्याच खोलीत, मातोश्रींच्या उशाशी, लावले होते. त्याचे दिवे लुकलुकत, उपयोग शून्य. विद्यार्थ्याने ते पाहिले आणि हसू आवरून म्हणाला, "सर, प्रार्थनेच्या वेळी तुम्ही शेवटच्या रांगेसाठी मधल्या रांगेतल्या मुलाला सूचना पुन्हा सांगायला लावायचात. शेवटच्या रांगेतल्या मुलाला नाही." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ज्यास स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्यास काय सांगणार? रिपीटर नेहमी अर्ध्या वाटेवर, जेथे जोर अजून चांगला आहे तेथे लावावा. शिवाय साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो. ऐकताना बोलता येत नाही, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो.

तेव्हा उपायांचा क्रम असा ठरला. आधी खोक्याशेजारी उभे राहून वेग पाहिला. तेथेच वेग कमी असता तर दोष घराचा नव्हे, कंपनीच्या जोडणीचा ठरला असता. तो ठीक होता. मग खोका कपाटामागून काढून पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर मोकळ्या जागी आणायचे ठरले. जिना ही घरातील एकच जागा, जेथे तिन्ही मजल्यांना मोकळी वाट असते. आत येणारी तार काचेच्या तंतूची असल्यामुळे ती आपण ओढू अथवा मुडपू नये; ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करवून घेतले. दोन तारखा चुकवून तिसऱ्या तारखेस तो आला. खोका हलताच मातोश्रींच्या खोलीतला आकडा उणे ८६ वरून ७३ वर आला. काही न खरेदी करता जोर वीसपट झाला.

चिरंजीव मात्र कुरकुरले. त्यांच्या खोलीत उणे ३८ चे ५६ झाले होते. आम्ही त्यांना आकड्यांचा कागद दाखविला आणि ५६ देखील उत्तमच असते हे समजाविले. कागद पाहून ते गप्प झाले, थोड्या वेळाने म्हणाले, "बाबा, आजीकडे ८६ होतं? तिनं सांगितलं कसं नाही?" ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

परंतु ७३ पुरेसे नव्हते. गर्डरांचे छत काही हलविता येत नाही. तेव्हा विद्यार्थी म्हणाला, "आता तारच टाकू." आम्हांस नवल वाटले, बिनतारी इंटरनेटला तार? पण जेथे लहरीस भिंत आडवी येते तेथे तारेसारखा भरवशाचा उपाय नाही, असे त्याचे मत. कॅट-सिक्स नावाची तार एका धावेत शंभर मीटरपर्यंत पुरा वेग नेते, आणि आमचे अंतर बावीस मीटर भरले. जिन्याच्या कठड्याखालून प्लॅस्टिकच्या पट्टीत ती माजघरात उतरविली. तिच्या टोकास आमचाच एक जुना, अडगळीत पडलेला राउटर लावला. त्यात तीन बदल केले. घरातील यंत्रांना पत्ते वाटण्याचे त्याचे काम बंद केले, कारण एका शाळेत दोन मुख्याध्यापक असले की गोंधळ होतो; पत्ते वाटण्याचे काम एकाच खोक्याकडे असावे. नाव आणि परवलीचा शब्द वरच्यासारखाच ठेवला, म्हणजे मोबाइल जिना उतरताना आपण होऊन खालच्या खोक्याशी जोडला जाईल. आणि मार्गिका वेगळी दिली, म्हणजे दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलणार नाहीत. एखादा जुना मोबाइल वरच्याच खोक्यास चिकटून राहतो. त्याचे वाय-फाय एकदा बंद करून चालू केले की भागते.

मातोश्रींच्या खोलीत आता उणे ५४ आहे. खर्च तार, पट्टी आणि मजुरी मिळून रिपीटरच्या किमतीहून फारसा अधिक झाला नाही. ज्यांना भिंतीवर तार नको असेल त्यांच्यासाठी मेश नावाचे दोन-तीन खोक्यांचे संच मिळतात. ते रिपीटरपेक्षा सरस, पण महाग. आणि तेही जिन्याच्या आसपास एकाखाली एक असेच ठेवावे लागतात. जागेचा नियम त्यांनाही चुकत नाही. आणखी एक सूचना: वीज जाते तेव्हा दोन्ही खोके चालू राहावेत म्हणून त्यांना लहानशी बॅटरी जोडावी. नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात केलेले काम पाण्यात जाते.

काम संपले त्या रात्री साडेआठ वाजता आम्ही सर्वजण मागच्या खोलीत जमलो. पडद्यावर मावशी आली. चेहरा स्वच्छ, आवाज स्वच्छ. मातोश्री क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, किती वाळलीस तू!" वर्षभर रोज नाही तरी आठवड्याला दोघी एकमेकींसमोर बसत होत्या, मावशीचे आजारपण मातोश्रींना पडद्यावर दिसलेच नव्हते. मावशीने ते सांगितले होते, दोनदा. त्या सहा न ऐकू आलेल्या शब्दांत ते गेले होते. त्या रात्री दोघी दीड तास बोलल्या. मध्ये आईच्या, म्हणजे आमच्या आजीच्या, नथीवरून थोडे भांडणही झाले. आम्ही बाहेर जेवावयास बसलो होतो. कोणी काही बोलत नव्हते.

मे महिन्याच्या सुट्टीत मातोश्रींना घेऊन आम्ही बेळगावला जाऊन आलो. मावशीची तब्येत आता सावरली आहे.

वाचकहो, आपल्या घरांत खोका कोठे असतो? बहुधा ज्याने तो मागितला त्याच्या खोलीत, किंवा जेथे खिळा असतो तेथे. ज्यास तो हवा असतो तो तक्रार करतो आणि त्याची सोय होते. परंतु घरात एखादे माणूस असे असते, की ज्यास तक्रार करण्याची सवय नसते. दोष यंत्राचा असला तरी ते तो आपल्या कानांचा, आपल्या डोळ्यांचा, आपल्या वयाचा मानते. म्हणून आमची विनंती एवढीच, की नवा खोका आणण्यापूर्वी मोबाइल हातात घेऊन त्या माणसाच्या खोलीत जावे, त्याच्या नेहमीच्या जागी बसावे आणि आकडा पाहावा. तो ठीक असेल तर घरातील बाकीच्या खोल्यांची काळजी करण्याचे सहसा कारण उरत नाही.

आमच्याकडे हा आकडा आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिरंजीव पाहतात. आम्ही सांगितले नव्हते.